गुरुजींची बदली झाली. आता शाळेतला बदल कसा टिकवायचा?

येरळाकाठ

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि जरा सविस्तर लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

सप्टेंबरात माझी बदली खटाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत झाली. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक आम्ही दोघं, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं. माझ्याआधीचे गुरुजी तिथं नऊ वर्षं होते. पंचक्रोशीत शाळेचं नाव त्यांनीच केलं. शेजारच्या वाड्यांवरून पोरं यायची, बाहेरच्या तालुक्यांतले शिक्षक शाळा बघायला यायचे. वर्गाच्या जमिनीवर ऑइलपेंटनं काढलेली शंभरपर्यंतची संख्याशिडी आहे, बाराखडीचं चक्र आहे, गावाचा नकाशा आहे. नकाशात ओढा निळा आणि मारुतीचं देऊळ शेंदरी.

चार्ज घेतला त्या दिवशी आम्ही डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, घेऊन बसलो. स्टीलची ताटं ४०, वाट्या ३८, गॅस शेगडी १, लोखंडी कपाटं २ (एकाची किल्ली सापडत नाही), टीव्ही संच १, बंद. पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतला. सगळ्या कागदांवर सह्या झाल्या आणि गुरुजी दुपारी कार्यमुक्त झाले. पोरं फाटकाला धरून रडत होती.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीच्या मुलांसमोर उभी राहिले. मी काही बोलायच्या आत सगळी उठून जमिनीवर गोल करून बसली. एक मुलगी कोनाड्यापाशी गेली, तिथला पत्र्याचा डबा आणून मधोमध ठेवला आणि झाकण उघडलं. आत चिंचोके. मग ती माझ्याकडं बघत राहिली. सगळीच बघत राहिली. त्या डब्याचं पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. रजिस्टरात तो डबा नव्हता.

मी पुस्तक उघडायला सांगितलं. तिनं झाकण लावलं आणि डबा परत कोनाड्यात ठेवला. झाकण लागल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आता अडचण सांगते. ग्रामपंचायत १५व्या वित्त आयोगाच्या पैशातून दोन्ही खोल्यांना फरशी बसवणार आहे. जमिनीला पोपडे आलेत, पावसाळ्यात ओल येते, म्हणजे फरशी हवीच. पण चित्रं जातील. गावात आत्ताच बोललं जातंय की गुरुजी गेले, आता शाळाही जाणार. दोघांनी दाखले काढून मुलं इंग्रजी शाळेत नेली. माझे सहकारी सर म्हणतात, "बाई, ते त्यांचं होतं, आपण आपलं पुस्तक धरून चालू." मी १९ वर्षं खडू-फळ्यावर शिकवत आले, माझी मुलं शिष्यवृत्तीत आली आहेत. मी कमी पडणारी शिक्षिका नाही. पण त्या सकाळी मी कमी पडले.

गुरुजींचं सगळं तसंच चालवायचं, की माझ्या पद्धतीनं नव्यानं सुरू करायचं? ज्यांनी असं भोगलंय किंवा पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

कंदीपेढा

चांगला धागा. डब्याचं काय करायचं ते त्या मुलीलाच विचारा की बाई.

खडूफळा

मी १९८३ ला लागलो, २०१६ ला निवृत्त झालो. सगळी नोकरी माण-खटावात काढली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा मोहीम' आली, तिच्यावरूनच मी इथं हे नाव घेतलंय. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक, दुसरी खोली आणि शैक्षणिक साहित्य. दुसरा शिक्षक आला हे गोरगरिबांच्या पोरांवर उपकारच झाले. पण साहित्याची पेटी? नकाशे, गणिताचं साहित्य, विज्ञानाची छोटी पेटी, सगळं आमच्या मुख्याध्यापकांनी कपाटात घालून कुलूप लावलं. तपासणीत एखादी वस्तू कमी भरली तर पगारातून जाईल, ही धास्ती. सात वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा नकाशाला वाळवी लागली होती.

तुमचा डबा रजिस्टरात नव्हता याचं वाईट वाटून घेऊ नका. नव्हता म्हणून तर तो मुलांच्या हातात राहिला.

पुढं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना चांगली होती: पोराला वर्षातून दोनदा तपासण्यापेक्षा रोज बघा. पण आमच्या वाट्याला आल्या त्या वर्णनात्मक नोंदी. एका पोराच्या आठ विषयांच्या नोंदी लिहिताना रात्रीचे अकरा वाजायचे. लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका स्टेशनरीच्या दुकानात मिळायला लागल्या. "वर्गकार्यात आवडीने सहभागी होतो." सगळी पोरं आवडीनं सहभागी.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुम्हाला जे येतं ते सोडू नका. पाढे पाठ, शुद्धलेखन, रोज एक पान वाचन. हे पाया आहे. चिंचोके असोत नसोत.

हरिपूरकर

खडूफळा गुरुजी, पेटीचं वाचून पोटात कालवलं. पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत.

माझी मुलगी २०१९ ला दुसरीत होती. त्या वर्षीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असंही वाचन आलं. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचं काम होतं ते. आठवतंय का काय गदारोळ झाला? मीही तावातावानं बोललो होतो. मग एके संध्याकाळी मुलगी समोर बसून आकडे लिहीत होती. मी म्हणालो सत्तावीस, तिनं लिहिलं ७२. कारण कानावर आधी 'सात'च पडतो! एकोणतीसमध्ये तर नऊ कुठंच ऐकू येत नाही, तीस ऐकू येतं. तेव्हा कळलं की त्या लोकांनी काहीतरी नीट पाहूनच हे आणलं होतं. आणि जुनं वाचन काढूनही टाकलं नव्हतं, दोन्ही शेजारी शेजारी होती.

चुकलं कुठं? आम्हा पालकांना ते वर्गशिक्षिकेच्या तोंडून कळायच्या आधी टीव्हीवरून कळलं. बाईंनी जूनमध्ये पालक सभा घेऊन फळ्यावर '७२' लिहून दाखवलं असतं तर निम्मा आरडाओरडा झालाच नसता. पण त्यांच्याही हातात पुस्तक आमच्याबरोबरच पडलं होतं.

खडूफळा

हरिपूरकर, मुद्दा मानला. 'वीस नऊ' म्हणायला माझी जीभ मात्र अजून वळत नाही.

डोंगरदरी

आमच्याकडं कोयनेच्या पाणलोटात प्रश्नच वेगळा. माझ्या शाळेचा पट ६ आहे. पद्धत कुठली हे नंतर, शाळा राहणार की नाही हे आधी. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा निघाली तेव्हापासून गावातली माणसं मला रोज विचारतात. त्यांना आठवतं की २०२२ मध्ये खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात ही बातमी वाचून उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली होती. कागदावर चार किलोमीटर म्हणजे चारच, पण मधे पाणी असतं.

येरळाकाठ बाई, ३१ पट आहे. नशीबवान आहात. ती दोन मुलं परत आणायचा प्रयत्न जरूर करा.

बीटकर

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. हा विषय माझ्या जिवाचा आहे, म्हणून लांब लिहितो.

आपल्या सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलं स्वतः करून बघून शिकतात या पद्धतीचं, काम उभं केलं. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय (जीआर) निघाला आणि कुमठ्याला राज्यभरातून गाड्यांची रीघ लागली. मीही केंद्रातले बावीस शिक्षक घेऊन गेलो. पहिलीची पोरं वाचत होती, आपसांत गणितं घालत होती, बाई फळ्यापाशी नव्हत्याच. आम्ही भारावलो. आणि काय केलं? मोबाइल काढून जमिनीचे फोटो काढले.

परत आल्यावर लोकवर्गणी काढली, पेंटर बोलावला, महिन्याभरात केंद्रातल्या अकरा शाळांच्या जमिनी रंगवल्या. मी अहवाल पाठवला, शाबासकी मिळाली. सहा महिन्यांनी फिरलो तर चार ठिकाणी चित्रांवर बाक ठेवलेले. एका शाळेत तर पोरांना त्या चित्रांवर पाय ठेवायला बंदी होती, रंग जाईल म्हणून!

त्या भेटीतली एक गोष्ट मी पाहिली होती, पण त्या वेळी ती माझ्या लक्षात आली नाही. तिथल्या एका बाईंना मी विचारलं, हा मुलगा चुकलाय, तुम्ही सांगत का नाही? त्या म्हणाल्या, "तो कुठं चुकतोय ते मला अजून कळलं नाही, थांबा जरा." आणि त्या खरंच थांबल्या. त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि बघत राहिल्या. आमच्या बावीस जणांच्या मोबाइलमध्ये हा फोटो एकाच्याही नव्हता.

म्हणून बाई, फरशी खुशाल बसवू द्या. चित्रं जाऊ द्या. पण त्या गुरुजींना गाठा. ते असेच कोणत्यातरी मुलाशेजारी बसले असणार, आणि तिथं त्यांना काय दिसलं ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे. बदली म्हणजे भांडण नव्हे, फोन केला तर माणूस सुखावतोच. दुसरं, दिवाळीपर्यंत एकच वर्ग आणि एकच विषय धरा. चारही वर्गांत एकदम काही करायला जाल तर जानेवारीत दमून खाली बसाल. मी असे कितीतरी चांगले शिक्षक दमलेले पाहिलेत.

अजिंक्यतारा

बीटकर सर, प्रतिसाद जपून ठेवलाय.

थोडं अवांतर. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात बाबासाहेबांच्या शाळा प्रवेशाची नोंद आहे, ७ नोव्हेंबर १९००, क्रमांक १९१४. त्या तारखेला आता राज्यभर विद्यार्थी दिवस पाळतात. रजिस्टर म्हटलं की आपण सव्वाशे वर्षं सांभाळतो. पण त्या काळी त्या वर्गात गुरुजी काय करत होते, मुलगा कशावर अडायचा, कशानं पुढं गेला, हे लिहून ठेवायची रीत आपल्याकडं कधी पडलीच नाही. येरळाकाठ यांना मिळालेल्या यादीत ताटं-वाट्या आहेत आणि मुलं नाहीत, ते यामुळेच.

पालक_कराड

कोणी रागावू नका. मी दाखला काढणाऱ्यांपैकी आहे. मुलगा तिसरीत असताना जिल्हा परिषदेतून काढला.

शिक्षक वाईट होते म्हणून नाही. पायाखालची जमीन सारखी हलत होती म्हणून. एका वर्षी पुस्तकातच वहीची कोरी पानं आली, वह्या आणू नका म्हणाले. पुढं ती पानं बंद झाली. २०२४ ला 'एक राज्य एक गणवेश' आलं, कित्येक ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, डिसेंबरात निर्णय फिरला आणि खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर, जूनच्या अखेरीस तोही मागं. यातला प्रत्येक निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. पण आमच्यासारख्या घरात एकच पोर शिकायचं असतं, आणि त्याची तिसरी एकदाच येते.

मला कुणीतरी येऊन एवढंच सांगायला हवं होतं की या सगळ्यात तुमच्या पोराचं वाचन-गणित असं असं चाललंय. कुणी आलं नाही. बाई, त्या दोन घरी जाऊन या. दाखला परत मागू नका, नुसतं जाऊन या.

जतची_बाई

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन.

आमच्या शाळेत निम्मी पोरं घरात कन्नड बोलतात आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला आई-बापांबरोबर जातात. मार्चमध्ये परत येतात. त्यामुळं 'बदल टिकवणं' आम्हाला दरवर्षी करावं लागतं, बदली होवो न होवो.

मी सहा वर्षांपूर्वी इथं आले तेव्हा आधीच्या बाईंचं काय चालायचं ते मला शाळेत कुणीच सांगू शकलं नाही. सांगितलं ते आयांनी. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यामुळं माता गट झालेले आहेत, त्यातल्या एका आजींनी मला बोलावलं आणि चूल लावता लावता म्हणाल्या, "आधीच्या बाई पोरीस्नी भाकरी मोजाय लावायच्या. घरात किती माणसं, कुणाला दीड, कुणाला दोन." ती आजी स्वतः सही करू शकत नाही. पण नातीकडून रोज भाकरी मोजून घेत होती! बाई गेल्यावरही घेत होती. मला तयार रस्ता मिळाला.

तर बाई, सभेची नोटीस काढू नका. बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसा आणि विचारा, पोरं घरी येऊन काय सांगायची? निम्मी शाळा तिथं सापडेल.

वटवृक्ष

मी रयत शिक्षण संस्थेत आहे. २४ वर्षांत सहा शाखा झाल्या, बदली आमच्या पाचवीला पुजलेली. तरी शाखेत गेल्यावर परकं वाटत नाही, याचा मी बराच विचार केलाय.

अण्णांनी, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी, १९१९ ला काले गावी संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. त्याच्याही आधी दुधगावला वसतिगृह चालवताना घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, हे तर इथं सगळ्यांना माहीत आहे. आपण ही त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मुठीकडं बघा. ज्या घरानं रोज एक मूठ ज्वारी दिली, त्या घराची ती शाळा झाली. शिक्षक कोण आला, कोण गेला, यावर ती अवलंबून राहिली नाही.

तुमच्या गावानं गुरुजींवर प्रेम केलं. शाळेत त्या गावाची मूठ कुठं आहे ते शोधा.

बीटकर

वटवृक्ष, लाखमोलाचं बोललात. एक फरक मात्र ध्यानात घ्या. रयतचा शिक्षक एका संस्थेला उत्तर देतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ग्रामपंचायत, केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य, आणि त्यात रोजच्या ऑनलाइन माहित्या. बाईंना मुलाशेजारी बसायला वेळ कोण देणार? नवीन काही द्यायचं तर जुनं एखादं काम काढून घ्यायला हवं. ते कुणीच करत नाही.

नीरा_उजवा_कालवा

आणि त्यात टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची. माझी पत्नी ४८ वर्षांची आहे, बावीस वर्षं शिकवतेय. रात्री जेवणं झाली की मुलीच्या टेबलावर बसून बालमानसशास्त्र वाचते. परीक्षेला ती घाबरत नाही. ती म्हणते, "बावीस वर्षं मी शिकवलं ते कुणी बघितलंच नाही का?" यावर माझ्याकडं उत्तर नाही.

शिक्षकाला नवं काही स्वीकारायला सांगायच्या आधी त्याचं जुनं कुणीतरी बघायला हवं, असं मला तिच्याकडं बघून वाटतं.

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं आत्ता घडलं.

कंदीपेढा यांचं ऐकलं. त्या मुलीला विचारलं, "या डब्याचं काय करता गं?" ती एकदम बाईच झाली. मला खाली बसवलं आणि माझी जोडी एका पोराशी लावली. खेळाचं नाव 'मूठ'. एकानं मूठभर चिंचोके घ्यायचे, दोघांनी अंदाज सांगायचा, तो खडूनं जमिनीवर लिहायचा. मग नारळाच्या करवंट्यांत दहा-दहा टाकायचे, उरलेले सुटे बाहेर. माझा अंदाज ४० होता. आले तीन करवंट्या आणि चार सुटे. पोरानं माझ्याकडं दयेनं बघितलं.

हरिपूरकर, खडूफळा गुरुजी, हे तुमच्यासाठी: शेजारच्या जोडीत एका मुलानं सत्तावीससाठी ७२ लिहिलं. मी खोडायला हात पुढं केला तर मुलगी म्हणाली, "बाई, थांबा." आणि त्याला म्हणाली, "सात करवंट्या दाव." त्यानं शोधल्या. दोनच होत्या. स्वतःच पुसून २७ लिहिलं. तिनं चूक म्हटलंच नाही.

बीटकर सर, मला तुमच्या कुमठ्याच्या बाई आठवल्या. ही मुलगी सात वर्षांची आहे.

त्या दोन घरीही जाऊन आले. एका घरी चहा झाला, दुसऱ्या घरी दारातूनच बोलणं झालं. आणि हो, गुरुजींना फोन केला. दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणालेत.

जतची_बाई

"सात करवंट्या दाव." वाचून डोळ्यांत पाणी आलं.

खडूफळा

बाई, मी पाढ्यांचा आग्रह सोडलेला नाही. पण आज नातवाला घेऊन बसतो. घरात चिंचोके आहेत.

हरिपूरकर

गुरुजी, करवंट्यांनंतर पाढे पाठ करून घ्या, मी स्वतः तुमच्या बाजूनं लिहीन.

येरळाकाठ

धागा वर काढतेय. गुरुजी येऊन गेले. भाऊबीज झाल्यावर आले, सकाळी दहापासून अडीचपर्यंत बसलो. सहकारी सरांनाही मी आग्रहानं बोलावलं होतं.

पहिली गोष्ट. मी विचारलं, संख्याशिडी कशी वापरता? गुरुजी म्हणाले, "ती मी करोनापासून वापरतच नाही. पोरं उड्या मारत शंभरपर्यंत जायची, पण ४० च्या आधी काय ते सांगता यायचं नाही. मग सोडून दिली. बघायला येणाऱ्यांना आवडायची म्हणून पुसली नाही." मी महिनाभर ज्या चित्रांसाठी झुरत होते, ती त्यांच्यासाठी केव्हाच संपली होती. ते दरवर्षी काहीतरी सोडत होते आणि काहीतरी नवं धरत होते. पण हे त्यांच्या डोक्यातच राहिलं, कागदावर कधी आलं नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला जड जातंय. गुरुजी 'मूठ' समजावत होते. आधी बाटल्यांची झाकणं वापरायचो, त्यात दहा चिंचोके मावायचे नाहीत, मग करवंट्या घेतल्या, असं म्हणाले. सहकारी सर इतका वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, "करवंट्या मी आणल्या होत्या." गुरुजी थांबले. सर पुढं म्हणाले, "सासुरवाडीहून पोतंभर आणल्या, काचेनं घासून कडा मऊ केल्या. पेपरात बातमी आली तेव्हा त्यात करवंट्यांचा फोटो होता."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गुरुजींनी माझ्या हातातली वही घेतली आणि 'मूठ' लिहिलं होतं त्याखाली सरांचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तीन वर्षं हे दोघं एका शाळेत होते. "ते त्यांचं होतं" असं सर मला का म्हणाले, ते मला त्या दिवशी कळलं. नीरा उजवा कालवा, तुमच्या पत्नींचं वाक्य मी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी नुसती मान हलवली.

वहीची २८ पानं भरलीत. काय चाललं, काय फसलं आणि का सोडलं. प्रत्येक मुलाला अर्धं पान: कशावर अडतो, कशानं हलतो. शेवटची पानं सरांनी लिहिली. त्यांना पोवाडे आणि ओव्या येतात, हे गावाला माहीत होतं, मला नव्हतं. दुसऱ्या सत्रात तिसरी-चौथीची भाषा ते त्यांच्या पद्धतीनं घेणार, मी दुसरीच्या गणितापुरती 'मूठ' चालवणार. बाकी माझं पूर्वीसारखंच, खडू आणि फळा.

मंगळवारी फरशीवाले येताहेत. करड्या रंगाची मागितली आहे, खडू उठून दिसेल अशी.

एकच विचारायचं राहिलं. ही वही डेडस्टॉक रजिस्टरात चढवू का?

खडूफळा

मुळीच चढवू नका! कुलपात जाईल.

बीटकर

चढवा. नाहीतर तुमची बदली झाली की रद्दीत जाईल. माझ्या डोळ्यांसमोर गेल्यात अशा वह्या.

अजिंक्यतारा

चढवा, पण त्या हरवलेल्या किल्लीच्या कपाटात ठेवू नका. कोनाड्यात, डब्याशेजारी ठेवा.

पालक_कराड

बाई, दुसऱ्या घरी परत गेला होतात का?

येरळाकाठ

गेले होते, बचत गटाच्या बैठकीनंतर, त्या डब्याच्या मुलीच्या आजीबरोबर. या वेळी आत बोलावलं. दाखल्याचं मी काढलं नाही. मुलाला 'मूठ' आठवत होती, त्यानं खिशातून चिंचोके काढले.

कंदीपेढा

बाई, आमच्या दारात चिंचेची दोन झाडं आहेत. यंदाचे चिंचोके पोत्यात भरून ठेवलेत, आई फोडून खळ करते, पण तिला लागतात त्याहून खूप जास्त आहेत. पुसेगावपर्यंत एसटीनं पाठवू शकतो. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय.